गेटवरच्या दिव्याची उघडझाप

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मला विचार करावा लागत नाही. माझ्या थोरल्या बहिणीचे. तिला घरात आणि गावात सगळे अक्का म्हणतात, म्हणून इथंही अक्काच म्हणतो. वडील मेंढरं घेऊन चाऱ्यामागं दूरच्या मुलखात असायचे, आई रोजानं कामाला जायची. घरचं पाणी भरणं हे माझ्या वाटणीचं काम होतं. मी शाळेत जायला लागलो त्या वर्षी अक्कानं ते माझ्याकडून काढून घेतलं आणि कॉलेज संपेपर्यंत परत दिलं नाही. तिचं लग्न गावातच, पलीकडच्या वस्तीवर झालं, तरीही नाही. मी घागरीला हात लावला की म्हणायची, "ठिव ती. तू वाच. पाणी काय, कुणीबी आणतंय."

आमचं गाव पैठणच्या अलीकडे, फाट्यावरून आत. जायकवाडीचं धरण आमच्याच तालुक्यात, पण गाव माळावर. पाणी खाली आणि आम्ही वर. शहराला पाणी नेणारा मोठा लोखंडी पाइप मात्र आमच्या माळाच्या कडेनं जायचा. त्यावरचा एक व्हॉल्व्ह कायम गळका होता. धरणावरचे पंप सुरू झाले की आधी त्यातून हवा फुसफुसायची आणि मग पाण्याची चिळकांडी उडायची. त्या चिळकांडीवर आमचं गाव उन्हाळा काढायचं. पंप कधी बंद होतील आणि कधी सुरू, याचा नेम नसायचा. अक्का घरी मागं ठेवलेली चार मेंढरं तिथंच चारायची. फुसफुस कानावर आली की ती टेकाडावर चढायची, कनवटीच्या पिशवीतून छोटा गोल आरसा काढायची आणि गावाकडे उन्हाचा कवडसा हलवायची. कुणाच्या भिंतीवर कवडसा नाचला की बाया घागरी घेऊन पळत सुटायच्या.

एकदा तो कवडसा खिडकीतून आमच्या शाळेच्या फळ्यावर आला. गुरुजींनी खडू खाली ठेवला आणि म्हणाले, "ज्यांच्या घरी पाण्याला माणूस नाही, त्यांनी पळा." अर्धा वर्ग पळाला. मी बसून राहिलो. आमची घागर आधीच व्हॉल्व्हखाली लागलेली असणार, हे मला माहीत होतं.

अक्कानं शाळा दुसरीतच सोडली होती. संध्याकाळी मी धडा मोठ्यानं वाचायचो तेव्हा ती शेजारी भाकरी थापत ऐकायची. मग हात धुऊन पुस्तक ओढून घ्यायची आणि ऐकलेलं अक्षर पानात शोधायची. असं करत ती सावकाश, बोट ठेवून का होईना, वाचायला शिकली. मी शिकायला शहरात आलो तेव्हा तिनं एकच अट घातली. "फोनवर बोललेलं वाऱ्यावर जातंय. कागद धाडत जा. मला वाचायला कायतरी पायजे, न्हाय तर अक्षरं इसरतील."

म्हणून मी तिला पत्रं लिहीत आलो. परीक्षेचं, पास झाल्याचं, इलेक्ट्रिकल इंजिनीअर झाल्याचं. आमच्या घरातला पहिला पदवीधर झाल्याचं पत्र तिनं वस्तीवर सगळ्यांना वाचून दाखवलं, असं आईनं सांगितलं. त्यानंतर मात्र लिहिण्यासारखं काही होईना. नोकरी लागत नव्हती. मी तिला सांगितलं, "पक्की नोकरी लागली की मोठं पत्र लिहीन."

ती म्हणाली, "मोठं म्हंजी दोन्ही बाजूंनी लिव्हलेलं. एका बाजूचं चालणार न्हाय."

पाऊस एकामागून एक वर्षं दगा देत होता, ते हे दिवस. जायकवाडी तळाला गेलं होतं. आणि तरीही शहर चहूबाजूंनी वाढत होतं. आजचं छत्रपती संभाजीनगर, तेव्हा आम्ही औरंगाबादच म्हणायचो. मुकुंदवाडी स्टेशनाच्या पलीकडे जिथं काल ज्वारीची धसकटं होती तिथं आज बंगल्याचे कॉलम उभे असायचे. कॉलमवर मारायला पाणी टँकरचं, गवंड्याला प्यायला पाणी टँकरचं, पण बांधकाम थांबत नव्हतं. त्या बंगल्यांमुळेच मला काम मिळालं. घरातले दिवे एका जागेवरून चालवायची यंत्रणा बसवणारी एक छोटी कंपनी होती. तिचे मालक, ज्यांना आम्ही साहेब म्हणायचो, त्यांचं खाली विजेच्या सामानाचं दुकानही होतं. त्यांनी मला आधी दुकानाच्या काउंटरवर उभं केलं. मी होल्डर आणि वायरची बंडलं विकत असे आणि गिऱ्हाईक नसलं की वरच्या खोलीत जाऊन रिलेची पुस्तिका वाचत असे.

रिले म्हणजे काय, हे समजायला अवघड नाही. साध्या घरात दिव्याची वीज भिंतीवरच्या बटणातूनच जाते. बटण दाबलं, वाट जुळली, दिवा लागला. आमच्या यंत्रणेत भिंतीवरच्या बटणाकडे फक्त एक बारीक केबल जाते. बटण दाबलं की ते नुसता निरोप पाठवतं. घरातल्या सगळ्या दिव्यांच्या वायरी एका कपाटात येतात, तिथं रिलेची खोकी ओळीनं बसवलेली असतात. निरोप मिळाला की ज्या दिव्याचा असेल तो रिले 'टक्' करतो आणि दिवा लागतो. कोणत्या निरोपावर कोणत्या रिलेनं काय करायचं, हे लॅपटॉपवरून एकदा शिकवून ठेवायचं, त्याला प्रोग्रामिंग म्हणायचं. तो 'टक्' आवाज मला पहिल्या दिवसापासून आवडला. आपण सांगितलेलं कुणीतरी ऐकलं, असा तो आवाज आहे.

एक दिवस साहेबांनी मला काउंटरवरून वर बोलावलं. गुलमंडीत कापडाचं दुकान असलेल्या एका शेठजींचा नवा बंगला मुकुंदवाडीच्या पुढच्या कॉलनीत उभा राहिला होता. पुण्यात असलेल्या मुलाच्या हट्टापायी त्यांनी आमची यंत्रणा घेतली होती.

"हे काम पूर्ण तुझं," साहेब म्हणाले. "वास्तुशांतीला दिवे नीट लागले पाहिजेत. लागले तर तू प्रोग्रामिंगला पक्का. नाही तर खाली होल्डर आहेतच."

माझ्याबरोबर जुन्या शहरातले एक वायरमन दिले. त्यांना सगळे मिस्त्री म्हणत. वयानं माझ्या वडिलांएवढे, पण मला 'साब' म्हणायचे आणि त्या 'साब'मध्ये अर्धी थट्टा असायची. जिन्याखालचं रिलेचं कपाट पाहून म्हणाले, "क्या साब, पूरे घर का भेजा जिने के नीचे रख दिये तुम लोगां!"

आम्ही कामाला लागलो. मिस्त्री वायर सोलायचे, तिच्या टोकाला लग, म्हणजे धातूची बारीक टोपी, दाबायचे. मी प्रत्येक वायरीवर आकड्याचं बारीक प्लॅस्टिकचं कडं चढवायचो, म्हणजे कोणती वायर कोणत्या दिव्याची हे नंतर कळावं. मग रंगाची बादली पालथी घालून तिच्यावर लॅपटॉप ठेवायचो. रिलेच्या खोक्यावरचं छोटं बटण दाबलं की लाल ठिपका लागायचा, म्हणजे ते खोकं 'माझा पत्ता सांग' म्हणून वाट बघतंय. पत्ता दिला की ठिपका विझायचा. मला दर वेळी शाळेतल्या हजेरीची आठवण व्हायची.

शेठजी रोज दुकानातून येताना एक चक्कर मारायचे. हात मागं बांधून कपाटाकडे बघायचे. "माझ्या दुकानात गिऱ्हाईक साडी हातात घेऊन बघतं, मग घेतं," ते म्हणायचे. "दिव्याचंबी तसंच. बटन दाबलं, दिवा लागला. मधी ह्या डब्याला इचारायचं कशाला?"

काकू, म्हणजे शेठजींच्या पत्नी, वेगळ्या होत्या. बंगला बांधेपर्यंत दोघं प्लॉटच्या मागच्या दोन जुन्या खोल्यांत राहत होते, त्यामुळे काकूंचा चहा आम्हाला ठरलेला. एका बटणावर घरभरचे दिवे हवे त्या क्रमानं लागू शकतात, हे सांगितल्यावर त्या खुर्ची ओढून बसल्याच. "मग दिवेलागणीला आधी देवघर," त्या म्हणाल्या. "मग तुळस, मग ओटा, मग बैठक. देवाच्या आधी टीव्हीच्या खोलीत उजेड नको." मी तो क्रम तसाच भरला आणि त्या बटणावर 'दिवेलागण' असं छापून घेतलं. त्यांनी ते बटण पदरानं पुसलं, धूळ नसताना.

सगळं नीट चाललं होतं. वास्तुशांतीच्या थोडं आधी, एका संध्याकाळी, काकू आमंत्रणं द्यायला शहरात गेल्या होत्या आणि मी शेवटची तपासणी घेत होतो. नव्या रिलेचा संपर्क कधीकधी चिकटतो, म्हणून प्रत्येक दिवा पुन्हा पुन्हा लावून विझवून बघायची आमची पद्धत. सगळ्यात शेवटी राहिला गेटच्या खांबावरचा काचेच्या गोल हंडीतला दिवा. तो जुना. त्याची वायर मागच्या खोल्यांतून येत होती, ती मिस्त्रींनी त्याच दिवशी कपाटात आणून जोडली होती. बाहेर अंधारायला लागलं होतं. मी लॅपटॉपवरून गेटचा दिवा लावला, विझवला, लावला, विझवला. टक्, टक्, टक्, टक्. रिले सुरेख चालत होता. मला मजा वाटली, म्हणून आणखी चार-दोनदा केलं.

आधी समोरच्या घरातली मोटर घूं घूं करायला लागली. मग शेजारची. मग एकदम चारी बाजूंनी मोटरी, बादल्यांचे आवाज, फाटकांची करकर. मी आणि मिस्त्री बाहेर आलो तर रस्त्यावर जत्रा. एक बाई खांद्यावर पाइपचं वेटोळं घेऊन पळत होत्या. एका मावशींच्या केसांना मेंदी थापलेली, डोक्यावर प्लॅस्टिकची पिशवी. एका काकांनी मिशीला रंग लावायला घेतला होता, तो एकाच बाजूला लागला होता.

"आलं का?"

"दिवा तर झाला ना!"

"काकूंचा दिवा खोटं बोलत न्हाय. नळ सोडा पूर्ण."

"सोडला की! नुसती हवा येतीय."

"आरं, माझी मोटर कोरडी पळाली ना! बंद कर, बंद कर ती!"

मग सगळ्यांची नजर आमच्या गेटकडे वळली. मी पुढं होऊन म्हणालो, "ते मी टेस्टिंग करत होतो."

"कशाचं?" अर्ध्या मिशीचे काका.

"दिव्याचं."

"पाण्याच्या दिव्याचं टेस्टिंग करता व्हय? उद्या फायर ब्रिगेडच्या घंटीचं करा. सगळे पळत येतो."

कुणीतरी खुदकन हसलं. मेंदीवाल्या मावशींनी "माझी मेंदी वाळली का बघा" असं म्हटलं आणि मग सगळेच हसायला लागले, ज्यांची मोटर कोरडी पळाली होती ते सोडून. मला अजूनही काही कळलेलं नव्हतं.

तेवढ्यात शेठजी आले. गेटसमोर गर्दी बघून त्यांना वाटलं घरात काही झालं. काय झालं ते कळल्यावर ते जिन्याखालच्या कपाटासमोर जाऊन उभे राहिले. "हे काढा," ते म्हणाले. "उद्याच्या उद्या. साधी बटनं लावा. चार दिवसांनी हीच माणसं जेवायला येणार, आणि माझ्या घरचा दिवा त्यांला गंडवतो? दिवा लागो न लागो, खोटं नको बोलायला."

माझ्या डोळ्यापुढं काउंटर आला, आणि अक्काचं कोरं राहिलेलं पत्र.

त्याच वेळी काकूंची रिक्षा आली. रस्त्यातल्या बादल्या बघून त्या उतरल्या, विचारलं, ऐकलं आणि गेटला धरून हसत सुटल्या. मग आत येऊन त्यांनी मला खरी गोष्ट सांगितली. नळाची लाइन कॉलनीत शिरते ती ह्या घरापासून. पाणी पहिल्यांदा इथं येतं. धरण आटल्यापासून पाण्याचा ठरलेला वार राहिला नव्हता, वेळ तर नव्हतीच. पाणी आलं की पहिल्या थोड्या वेळात ज्यानं मोटर लावली त्याला मिळायचं, शेवटच्या घरांना कळेपर्यंत धार बारीक व्हायची. म्हणून काकूंनी रिवाज पाडला होता. नळ फुसफुसला की त्या गेटच्या दिव्याची उघडझाप करायच्या. पुढच्या घरानं बघितलं की ते आपल्या दिव्याची करायचं, आणि तो निरोप कॉलनीच्या टोकापर्यंत जायचा. उन्हात दिसायचा नाही, तेव्हा त्या समोरच्यांना हाक मारायच्या.

"म्हणून मला कुठं जाता येत न्हाय," काकू म्हणाल्या. "आज निघाले तर तू माझ्या बदली पाणी आणलंस. बिनपाण्याचं!" आणि पुन्हा हसल्या. मग म्हणाल्या, "वास्तुशांतीला आम्हाला जोडीनं बसावं लागंल. मधी उठता येत न्हाय. त्या दिवशी आलं तर मागच्या घरांला कोण सांगंल, ह्याचाच मला घोर."

फुसफुस. निरोप. टेकाडावरची अक्का मला इतकी स्पष्ट दिसली की मी बोलायला तोंड उघडलं ते तिच्याच बोलीत. "काकू, नळाला इचारू की आपण," मी म्हणालो. "पाणी आलं की दिव्यानं आपोआप उघडझाप करायची. माणसानं बसून राहायचंच न्हाय."

शेठजींना म्हणालो, "बटणं लावायला एक दिवस पुरतो. वास्तुशांत होऊ द्या. त्या दिवशी दिवा खोटं बोलला तर सगळं मी स्वतः काढतो."

शेठजींनी हात मागं बांधले. काकू म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या हो. पोराचं तोंड बघा कसं झालंय." म्हणजे परवानगी मिळाली.

गच्चीवरची टाकी भरली की मोटर बंद करायला एक तरंगता फुगा मिळतो. पाणी वर आलं की तो उचलला जातो आणि वायरींची दोन टोकं जुळतात. तसा एक मी दुकानातून आणला. गेटजवळच्या हौदात नळाचं तोंड उघडत होतं. त्याखाली एक बादली टांगायची, बादलीत फुगा. नळ आला की बादली भरेल, फुगा उचलला जाईल, रिलेच्या कपाटाला निरोप जाईल. पण नळ गेल्यावर बादली रिकामी कशी होणार? मी तिच्या बुडाला एक बारीक भोक पाडायला घेतलं.

मिस्त्री बघत होते. "बकेट में छेद करने कू इंजिनीअरिंग पढ़े क्या, साब?"

"हो," मी म्हणालो.

"तो बराबर पढ़े," म्हणून त्यांनी ड्रिल माझ्या हातातून घेतलं, कारण मी ते वाकडं धरलं होतं.

भोकातून गळणारं पाणी खाली हौदातच पडत होतं, थेंब वाया जात नव्हता. काकूंना ते फार पसंत पडलं. मग मी प्रोग्राम लिहिला. नुसती हवा किंवा चार थेंब आले तर काही करायचं नाही. फुगा थोडा वेळ वर टिकला तरच गेटचा दिवा, स्वयंपाकघर आणि बैठक यांची उघडझाप, आणि मग पुन्हा सगळं होतं तसं. दुसरा नियम माझ्यासाठी होता. गेटचा दिवा कुठल्याही बटणानं लागेल, विझेल, पण उघडझाप करायचा हक्क फक्त पाण्याला. कुणी घाईघाईत बटण दाबत सुटलं तरी दिवा एकदा लागून तसाच राहील.

तपासायला काकूंनी बादलीत घागरभर पाणी ओतलं. त्याआधी मिस्त्री शिडीवर चढले आणि गेटच्या हंडीवर गोणपाट बांधून आले. "नै तो फिर बारात आ जाती," ते म्हणाले. गोणपाटाच्या आत दिवा उघडझाप करताना त्याच्या विणीतून उजेड गळत होता. समोरच्या गच्चीवरून अर्ध्या मिशीचे काका ओरडले, "हे खरं का टेस्टिंग?"

"टेस्टिंग!" आम्ही तिघं एकदम ओरडलो.

वास्तुशांतीच्या दिवशी मी नवा शर्ट घालून जिन्याजवळ उभा होतो. साहेब पाहुण्यांत बसले होते. दुपारची वेळ, होमाचा धूर, काकूंच्या पदराला शेठजींच्या उपरण्याची गाठ. कॉलनी सगळी आलेली. पूजा सांगणारे गुरुजीही त्याच कॉलनीतले, अगदी शेवटच्या घरातले. काकूंचं एक लक्ष होमाकडे, एक खिडकीतून हौदाकडे.

आणि मध्येच बैठकीतले दिवे विझले. लागले. विझले. लागले.

पाहुणे वर बघायला लागले. "लाइट जाती का काय?" कुणीतरी म्हणालं. शेठजींनी गाठ न सोडता मान वळवून माझ्याकडे जे बघितलं ते मी विसरणार नाही. साहेबांनी डोक्याला हात लावला. मग कानावर आलं. टक्, टक्, टक्, टक्. बिघडलेला रिले असा वाजत नाही. तो अडखळतो. हा तालात होता. मी जिन्याखाली वाकून बघितलं. फुग्याच्या वायरीचा हिरवा ठिपका लखलखत होता.

"पाणी!" मी ओरडलो. "नळाला पाणी आलंय!"

मग काकू बसल्या जागेवरून खणखणीत आवाजात म्हणाल्या, "बघताय काय? पळा की!"

अख्खी बैठक उठली. पैठण्या आणि जरीचे काठ सावरत बायका गेटकडे निघाल्या. अर्ध्या मिशीचे काका, आता पूर्ण मिशीचे, सगळ्यांच्या पुढं. गुरुजींनी मंत्र थांबवला नाही, फक्त आवाज चढवला आणि डाव्या हातानं आपल्या मुलाला दाराकडे खूण केली. मुलगा पळाला. चारी बाजूंनी मोटरी वाजायला लागल्या, आणि या वेळी त्या आवाजात पाणी होतं. ते ऐकणाऱ्याला लगेच कळतं.

मंत्र संपल्यावर गुरुजी मला म्हणाले, "कलशातलं पाणी टँकरचं आहे. नळाचं ताजं आणा." मी स्वतः हौदावरून तांब्या भरून आणला. काकूंनी तो हातात घेताना शेठजींकडे बघितलं. शेठजी म्हणाले, "खोटं न्हाय बोलला."

संध्याकाळी काकूंनी 'दिवेलागण'चं बटण दाबलं. आधी देवघर उजळलं, मग तुळस, मग ओटा, मग बैठक. मग शेठजी पुढं झाले आणि त्यांनी ते विझवून पुन्हा लावलं. पुन्हा विझवलं, पुन्हा लावलं.

"बास आता," काकू म्हणाल्या. "झिजंल ते."

"मधी त्या डब्याला इचारावं लागतंय," शेठजी माझ्याकडे बघून म्हणाले, "पण डबा शहाणा हाय."

निघताना साहेबांनी मला स्कूटरवर मागं बसवलं. स्टेशनाजवळ त्यांनी स्कूटर हळू केली. मग म्हणाले, "उद्यापासून काउंटरवर येऊ नकोस." ते हसले. "चार घरवाले विचारत होते, तसा पाण्याचा दिवा आम्हालाही पाहिजे म्हणून. वह्या, लॅपटॉप घे आणि थेट साइटवर जा."

खोलीवर आल्यावर मी आधी हात धुतले, मग कागद घेतला. अक्काला पाठवलेलं पत्र हे असं होतं. तिनं ते जपून ठेवलं, म्हणून मला इथं उतरवता आलं.

अक्का,

पाया पडतो. आधीच सांगतो, हा कागद दोन्ही बाजूंनी लिहिलाय. उलटून बघ. मोठ्या अक्षरात लिहितोय, सावकाश वाच.

नोकरी पक्की झाली. काम दिव्यांचं आहे. तू मागं विचारलं होतंस, रिले म्हणजे काय. तू पुढच्या बकरीला नुसती जीभ टाळूला लावून टक् करतेस आणि मागचा सगळा कळप वळतो ना, तसं ते असतंय. बारीकसा निरोप आणि मोठं काम. तोसुद्धा टक् असाच आवाज करतो. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला तुझी मेंढरं आठवली.

इथं एका घराच्या गेटवर एक दिवा आहे. पाणी आलं की तो उघडझाप करतो आणि सगळी कॉलनी पळत येते. मी पहिल्यांदा चुकून पाणी नसताना त्यांना पळवलं, लई हसले आणि एकाची मोटर तापली. आता तो दिवा पाण्याला विचारूनच बोलतो. त्या घरच्या काकू पाण्यापायी कुठं जायच्या न्हाईत, आता जातील. परवा माहेरी निघाल्यात. मी त्यांना तुझ्या आरशाची गोष्ट सांगितली. त्या म्हणाल्या, तिला घिऊन ये, मला बघायची हाय.

हे पाणी तेच आहे अक्का. आपल्या माळावरून, तुझ्या व्हॉल्व्हवरून येतं ते. तू घागर लावून उरलेलं इथं पोचतं.

पुढच्या रविवारी एसटीनं येतो. त्या दिवशी पाणी येवो न येवो, घागर मी घेणार आहे, आणि व्हॉल्व्हवर मी जाणार आहे. तू टेकाडावर बस. आरसा दाखवायचा असला तर दाखव, पण खाली उतरायचं नाही. आईला सांग, भाकरी जास्त थाप, मी इथली खाऊन कंटाळलोय.

हे पत्र दुसऱ्या कुणाला वाचायला देऊ नकोस, तूच वाच. जिथं अडशील तिथं बोट ठेवून थांब. आलो की सांगतो.

तुझा भाऊ